फक्त सहा महिन्यांसाठी

रत्नागिरी

चि. निनाद यास,


परवा घरच्या ग्रुपवर तू लिहिलंस, "पाच वर्षं देश मिलिटरीच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील." भराभर अंगठे उठले, त्यात तुझ्या आईचाही होता. पुरावा म्हणून तू मुंबईतल्या एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलाचा फोटो टाकलास. ग्रुपवर उत्तर देणं मला जमत नाही. दोन ओळी लिहून होईपर्यंत कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकतं आणि विषय संपतो. म्हणून हे पत्र. लांबलं तर रविवारी वाच.

पुलाबद्दल तू म्हणतोस ते खरंच आहे. 29 सप्टेंबर 2017 ला तिथे चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली आणि जो पूल रेल्वेला वर्षानुवर्षं जमला नव्हता, तो लष्कराच्या इंजिनियरांनी पुढच्या फेब्रुवारीत लोकांसाठी खुला केला. त्या जवानांबद्दल मला तुझ्याइतकाच आदर आहे. तेव्हा काही निवृत्त सेनाधिकाऱ्यांनीच कुरकुर केली होती, की रेल्वेचे पूल बांधणं हे आमचं काम नव्हे. त्यांची ती कुरकुर तुझ्या फोटोपेक्षा जास्त शहाणी होती. ती कशी, ते सांगायला मला ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, जावं लागेल.

पाकिस्तान का नाही, असं तू विचारशील. पाकिस्तानची गोष्ट आपल्याला पाठ आहे, आणि पाठ आहे म्हणूनच तिचा उपयोग होत नाही. 'ते तसलेच' म्हणून आपण मोकळे होतो. ब्रह्मदेशावर आपला कसलाच राग नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं, एवढ्यावर आपली ओळख थांबते. आम्हा रत्नागिरीकरांची थोडी पुढे जाते. इंग्रजांनी 1885 मध्ये मंडालेहून उचलून आणलेला राजा थिबा इथे तीस वर्षं राहिला आणि 1916 मध्ये इथेच वारला. लहानपणी तुम्ही भावंडं थिबा पॅलेसच्या आवारात लपंडाव खेळलात, तो हाच राजा. त्याच्या देशाचं पुढे काय झालं, हे विचारावंसं तुमच्यापैकी कुणाला वाटलं नाही. शाळेत मला ते शिकवायचंच होतं, पण पाठ्यपुस्तकात ते दोन ओळींत उरकलेलं असे.

तर ऐक. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला 4 जानेवारी 1948 ला, पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी. मुहूर्त ज्योतिषांनी काढलेला. पण त्याआधी सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा 19 जुलै 1947 ला देशाचा पुढारी आँग सान भर बैठकीत, बहुतेक सहकाऱ्यांसह गोळ्या घालून मारला गेला होता. सत्ता आली ऊ नू यांच्याकडे. सज्जन, धार्मिक, बोलायला गोड आणि कारभाराला ढिला माणूस. तीन महिन्यांत कम्युनिस्टांनी बंड केलं, वर्षभरात कारेन जमातीच्या लोकांनी. सरकारचा अंमल राजधानीच्या वेशीपर्यंतच, म्हणून लोक त्याला 'रंगून सरकार' म्हणत. सेनापती स्वतः कारेन होता. त्याला बाजूला करून 1949 मध्ये सेना ने विन यांच्या हाती दिली गेली. पुढे चीनमधून हरून पळालेले चँग कै शेकचे सैनिक शान प्रांतात घुसले. या सगळ्याला तोंड दिलं ते सेनेने. गोळीबार, रसद, रस्ते, जिल्ह्यांचा बंदोबस्त, सगळं. मंत्री राजधानीत एकमेकांचे पाय ओढत होते आणि कर्नल लोक देश कसा चालतो ते शिकत होते.

एक बारीकशी गोष्ट सांगते, ती मला फार बोलकी वाटते. 1951 मध्ये सेनेने 'डिफेन्स सर्व्हिसेस इन्स्टिट्यूट' नावाची संस्था काढली. हेतू अगदी साधा, जवानांना स्वस्त सामान मिळावं. आपल्याकडच्या मिलिटरी कँटीनसारखंच. दहा वर्षं व्हायच्या आत त्या संस्थेकडे बँक होती, जहाजं होती, आयात-निर्यात होती आणि देशातला सगळ्यात मोठा व्यापार तिचा होता. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, दुसरं काय! सेनेचा स्वतःचा पैसा झाला की संसदेने बजेट रोखण्याची धमकी पोकळ होते. हे मी तुला आत्ताच सांगून ठेवते. पुढच्या साठ वर्षांत तो धागा कधी तुटलाच नाही.

आता 1958. ऊ नू यांच्या पक्षाची दोन शकलं झाली. एकाने स्वतःला 'स्वच्छ' म्हणवून घेतलं, दुसऱ्याने 'स्थिर'. जूनमध्ये अविश्वासाचा ठराव आला. ऊ नू जेमतेम आठ मतांनी तरले, तेही कम्युनिस्टांकडे झुकलेल्या खासदारांच्या टेकूवर. हे ऐकून सेनाधिकारी बिथरले. उठाव होणार अशी कुजबुज सुरू झाली. सप्टेंबरात काही कर्नल ऊ नू यांच्या घरी गेले. काय बोलणं झालं असेल त्याची कल्पना तू करू शकतोस. 26 सप्टेंबरला पंतप्रधानांनी रेडिओवरून जाहीर केलं, की देश सावरण्यासाठी मीच जनरल ने विन यांना सरकार चालवायची विनंती केली आहे. फक्त सहा महिन्यांसाठी. एप्रिलच्या आत निवडणुका घ्या, एवढी अट.

निनाद, इथे जरा थांब. रणगाडे नाहीत, रेडिओ स्टेशनवर कब्जा नाही. संसदेत रीतसर मत झालं. ने विन यांनी राज्यघटनेला धरून शपथ घेतली. तुझ्या 'पाच वर्षं द्या' यातलं ते 'द्या' तिथे अक्षरशः झालं. सभ्यपणे, कागदोपत्री.

आणि त्यांनी काम केलं! हे मी मोठ्या मनाने सांगते, कारण त्यातच सगळी गोम आहे. रंगूनचा कचरा वर्षानुवर्षं साचलेला होता. एका कर्नलने पालिका हातात घेतली आणि शहर धुऊन काढलं. लाखाहून जास्त झोपडपट्टीवाले शहराबाहेर ओक्कलापा आणि थाकेता इथे नव्या वसाहतींत हलवले गेले. भटकी कुत्री मारली. भाव खाली आणले. गुन्हे कमी झाले. शान सरंजामदारांनी पिढीजात हक्क सोडले, चीनबरोबर सीमेचा करार झाला. राजकारण्यांना ही कामं दहा वर्षांत जमली नव्हती. परदेशी वार्ताहर खूश होते. अंदमानच्या उत्तरेला कोको बेटं आहेत, तिथे एक नवा तुरुंगही उघडला. त्यात बिनचौकशी धाडलेल्या माणसांबद्दल त्या काळी फारशी कुणी फिकीर केली नाही. चकचकीत रस्त्यावर चालताना असलं कोण विचारतो?

सहा महिने संपत आले. बाकी कामं अर्धवट होती; ती नेहमीच असतात. खासदार नसलेल्या माणसाला सहा महिन्यांहून जास्त मंत्रिपदावर राहता येत नाही, असं घटनेत कलम होतं. मग घटनाच बदलली. ने विन यांची मुदत वाढली. शेवटी फेब्रुवारी 1960 मध्ये निवडणूक झाली. सेनेने आपल्या कामगिरीचं एक जाडजूड पुस्तकही छापलं. त्याचं नाव, मराठीत सांगायचं तर, 'विश्वास सार्थ ठरला का?' आत पानोपानी आकडे, तक्ते, झाडलेल्या रस्त्यांची छायाचित्रं. जणू प्रगतिपुस्तक आपणच लिहून आपणच सही केलेलं.

लोकांनी उत्तर काय दिलं? सेनेचा कल 'स्थिर' गटाकडे होता. लोकांनी भरभरून मतं दिली ती त्याच ढिल्या, गोड, गोंधळ्या ऊ नू यांना. हा मला सगळ्या हकिकतीतला सर्वांत उमदा क्षण वाटतो. ज्या लोकांनी स्वच्छ रस्त्यांचं कौतुक केलं, त्यांनीच मतपेटीत सांगितलं, छान झालं, आता या. शिस्त हवी म्हणणाऱ्यांना शिस्तीचा धनीही हवा असतोच असं नाही.

ने विन गेले. शब्द पाळला म्हणून जगाने त्यांची पाठ थोपटली. पण दोन वर्षांत सेनेला कळून चुकलं होतं, की आपल्याला जमतं. जिल्हे चालवता येतात, बंदरं चालवता येतात, परराष्ट्र खात्याशी बोलता येतं. मंत्र्यांची गरज नेमकी कशासाठी आहे, हा प्रश्न एकदा बराकीत शिरला की तिथून निघत नाही. 1 मार्च 1962 च्या संध्याकाळी ने विन चिनी बॅलेचा प्रयोग बघायला गेले होते. 2 मार्चच्या पहाटे ऊ नू आणि त्यांचे मंत्री अटकेत होते. या वेळी कुणाची विनंती नव्हती आणि मुदतही नव्हती.

पुढचं भरभर सांगते, कारण पुढे काम करण्यातला जोर संपून नुसता हट्ट उरला. जुलैमध्ये रंगून विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी संघाची इमारत सुरुंगाने उडवली. दुकानं, कारखाने सरकारजमा झाले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले सुमारे तीन लाख भारतीय हात हलवत परत आले. 1987 मध्ये एका सकाळी 25, 35 आणि 75 क्याटच्या नोटा रद्द झाल्या. बदली नव्या आल्या त्या 45 आणि 90 च्या. का, तर जनरलसाहेबांना नऊचा आकडा शुभ. त्याच वर्षी, जगाला तांदूळ पुरवणाऱ्या या देशाची नोंद संयुक्त राष्ट्रांनी सर्वांत मागास देशांत केली. जो सेनापती 1959 मध्ये कचरा उचलत होता, तोच हा. माणूस बदलला नव्हता. त्याला नाही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, एवढाच फरक.

1988 मध्ये लोक रस्त्यावर आले, हजारो मेले. 1990 मध्ये निवडणूक झाली. आँग सान यांच्या मुलीच्या, सू चींच्या पक्षाने 485 पैकी 392 जागा जिंकल्या आणि सेनेने निकाल सरळ बाजूला ठेवला.

पण तू कायद्याच्या कागदांत रमणारा. तुला 2008 ची राज्यघटना आवडेल, म्हणजे कारागिरी म्हणून. त्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला नर्गिस चक्रीवादळाने लाखाहून जास्त माणसं गेली. प्रेतं पाण्यावर तरंगत असताना, 10 मे रोजी, सार्वमत घेतलं गेलं आणि बहुतेक ठिकाणी ते पुढे ढकललं नाही. सरकारी आकडा, 92 टक्के लोक बाजूने. या घटनेत संसद आहे, राष्ट्राध्यक्ष आहे, न्यायालय आहे. फक्त प्रत्येक सभागृहात 25 टक्के जागांवर गणवेशातले अधिकारी, सेनापतीने नेमलेले. आणि महत्त्वाचं कलम बदलायचं तर 75 टक्क्यांहून अधिक मतं हवीत. हिशेब तूच कर. संरक्षण, गृह आणि सीमा ही खाती सेनापतीच्या माणसांकडे. गृहखात्याखाली नुसते पोलीस नव्हते. गावपातळीपर्यंतचं महसुली प्रशासन, म्हणजे आपल्याकडे तहसीलदार-तलाठी करतात ती कामं, 2018 च्या अखेरीपर्यंत त्याच खात्यात होती. राष्ट्राध्यक्ष होऊन काय करणार, तुझ्या उताऱ्यावर सही करणारा माणूस जनरलचा! शिवाय ज्याची मुलं परदेशी नागरिक, त्याला राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही, असंही एक कलम. सू चींची मुलं ब्रिटिश. कलम कुणासाठी शिवलं होतं ते शिंप्याला विचारायची गरज नाही.

या घटनेतून निघालेले पहिले राष्ट्राध्यक्ष थेन सेन डिसेंबर 2012 मध्ये आमच्याकडे आले होते. दिल्लीहून मुद्दाम वाकडी वाट करून रत्नागिरीला, थिबाच्या समाधीचं दर्शन घ्यायला. तू तेव्हा बारावीच्या क्लासांत बुडालेला होतास. मोठा बंदोबस्त होता. चाळीस वर्षं गणवेशात घालवलेला हा गृहस्थ, पण वागणं कोणा निवृत्त मुख्याध्यापकासारखं सौम्य. मला त्यांच्याबद्दल वाईट मत करून घ्यायला जड गेलं, आणि आजही जातं. व्यवस्था वाईट असायला माणसं राक्षसी असावी लागत नाहीत.

2015 मध्ये सू चींचा पक्ष जिंकला. राष्ट्राध्यक्ष होता येईना, तेव्हा को नी नावाच्या मुस्लिम वकिलाने घटनेतलीच एक फट शोधली आणि त्यांच्यासाठी 'राज्य सल्लागार' हे पद उभं राहिलं. जानेवारी 2017 मध्ये यांगूनच्या, म्हणजे जुन्या रंगूनच्या, विमानतळाबाहेर, नातू कडेवर असताना, को नींना मागून गोळी घातली. मारेकऱ्याला पकडायला धावलेला टॅक्सीवालाही मेला. घटनेचा अभ्यास तिथे एवढा महाग.

सू चींची मी वकिली करत नाही. त्याच वर्षी सेनेने रोहिंग्यांची गावं जाळली, सात लाखांवर माणसं बांगलादेशात पळाली आणि डिसेंबर 2019 मध्ये हेगच्या न्यायालयात देशाची, म्हणजे प्रत्यक्षात सेनेची, बाजू मांडायला सू ची स्वतः उभ्या राहिल्या. सेनेला सांभाळून घेतलं तर ती हळूहळू मागे सरेल, असा त्यांचा होरा असावा. दुबळ्या मुलकी सरकारांचा हा ठरलेला आजार आहे. जी माणसं तुम्हाला काढू शकतात, त्यांची पापं झाकून त्यांचा विश्वास मिळेल असं वाटत राहतं. पाप मात्र दोघांच्या नावावर चढतं आणि विश्वास मिळत नाहीच.

नोव्हेंबर 2020 च्या निवडणुकीत सू चींच्या पक्षाला 476 पैकी 396 जागा मिळाल्या, सेनेच्या पक्षाला 33. सेनापती मिन आँग लाइंग पुढच्या जुलैत 65 वर्षांचे होऊन निवृत्त व्हायचे होते. नव्या संसदेची पहिली बैठक 1 फेब्रुवारी 2021 ला होती. त्या पहाटे राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट यांच्याकडे दोन वरिष्ठ अधिकारी आले आणि म्हणाले, तब्येत बरी नसल्याचं कारण देऊन राजीनामा द्या. त्यांनी सांगितलं, माझी तब्येत उत्तम आहे. हे त्यांनी नंतर न्यायालयात साक्षीत सांगितलं. मग त्यांना अटक झाली, सेनेने नेमलेले उपाध्यक्ष काळजीवाहू राष्ट्राध्यक्ष बनले, आणि त्यांनी आणीबाणीच्या कागदावर सही करून सत्ता सेनापतीला दिली. घटनेनुसारच, असं सेनेचं म्हणणं. सू चींवर पहिला आरोप काय, तर घरात बेकायदा आयात केलेले वॉकीटॉकी सापडले.

त्यानंतर घरोघर रात्री थाळ्या-भांडी वाजली, डॉक्टर आणि रेल्वे कामगार संपावर गेले आणि मग मुलं लढायला जंगलात गेली. आज 30 लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून फिरताहेत. चिन जमातीची काही हजार कुटुंबं सीमा ओलांडून आपल्या मिझोराममध्ये आली. परत पाठवा असा दिल्लीचा आदेश आला, तरी मिझोंनी 'ते आमचेच भाऊबंद' म्हणून ठेवून घेतली. ऑक्टोबर 2023 पासून बंडखोरांनी सेनेची ठाणी एकामागून एक घेतली. जी सेना फक्त आपणच देश एकसंध ठेवू शकतो म्हणून सत्तेवर बसली, तिच्याच अमलात देश पुन्हा तुकड्यातुकड्यांत फुटला. डिसेंबर 2025 अखेर तिने पुन्हा टप्प्याटप्प्याने मतदान घेतलं. सू चींचा पक्ष त्याआधीच विसर्जित करून टाकला होता.

आपल्याकडे हे का झालं नाही, असं तू विचारशील. आपले जवान जास्त गुणी म्हणून, असं उत्तर छातीवर हात ठेवून मी देणार नाही. बरीचशी कारणं कंटाळवाणी आहेत. दिल्लीत सरसेनापतीचा बंगला होता, तो स्वातंत्र्यानंतर पंतप्रधानांचं निवासस्थान झाला, त्यालाच आपण तीन मूर्ती भवन म्हणतो. स्वातंत्र्याबरोबर तिन्ही दलांचे वेगळे प्रमुख झाले आणि 1955 मध्ये सरसेनापती हे पदनामही गेलं. संरक्षण खात्याच्या फायली बाबू लोकांकडून जाऊ लागल्या. त्यामुळे किती खोळंबा होतो, हे तुझे काका घरी आले की तासभर सांगतात. तो खोळंबा मला प्रिय आहे. आणि पूल बांधायला बोलावलं तर 'हे आमचं काम नव्हे' म्हणणारे अधिकारी आपल्याकडे अजून आहेत. रंगूनच्या कर्नलांनी 1958 मध्ये तसं म्हटलं नाही.

तेव्हा तुझ्या पाच वर्षांच्या योजनेत मला दोन-तीन गोष्टी भरून हव्या आहेत. मुदत संपल्यावर 'आता या' असं कोण म्हणणार? तोवर बँक, बंदर, वर्तमानपत्रं आणि तहसीलदार कुणाचे असतील? त्या पाच वर्षांत तुझ्या आईला एखाद्या मध्यरात्री घेऊन गेले, तर तू कोणत्या दारावर जाशील? आणि सिंगापूरचं उदाहरण देऊ नकोस. स्वातंत्र्यानंतर तिथे लष्कराने एक दिवसही राज्य केलेलं नाही, ते सगळं मुलकी राजकारण्यांनी केलं.

तुझ्या ऑफिसात यांगूनचा एक मुलगा आहे, मागे तू सांगितलं होतंस. तो चांगला पदार्थ करून आणतो म्हणालास. त्याच्याशी यातलं काही बोलायला जाऊ नकोस, निदान ऑफिसात तरी नको. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे सक्तीची सैन्यभरती सुरू झाली, 18 ते 35 वयाच्या पुरुषांची. मे महिन्यात परदेशी नोकरीसाठी पुरुषांना परवानगी देणंच थांबवलं. त्याला धाकटा भाऊ असेल तर घरी काय चाललं असेल ते तूच समज. तो आपणहून बोलला तर ऐक. पैसे पाठवायला अडचण येत असेल आणि तुला काही करता आलं, तर मला विचारत बसू नकोस, करून टाक.

आमसुलं आणि कुळथाचं पीठ अविनाशबरोबर पाठवते आहे. तो पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय. पीठ फ्रीजमध्ये ठेव, तिकडच्या दमट हवेत त्याला जाळी धरेल.

तुझी,
मावशी